सर्व्हर म्हणजे कोण?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा 'विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी लिहा' असा आग्रह धरला, तेव्हा मी चक्क संगणकावरचा विषय निवडला. याचे काही सभासद बांधवांना नवल वाटेल. मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत लिपिक. बारावीनंतर गणिताचे पुस्तक हातात धरलेले नाही. तरीही गेल्या वर्षी मी स्वतःच्या हाताने एक छोटासा वेब सर्व्हर तयार केला आणि तो चालतो. तो कसा केला, कुठे फसलो, हे सांगण्यासाठी हा लेख.

याचे मूळ आमच्या काउंटरवर आहे. बँकेत काम करणाऱ्या माणसाच्या तोंडी दिवसातून किती वेळा 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य येते, हे वेगळे सांगायला नको. एक आजी पेन्शन काढायला खेड्यावरून येतात. एसटीने यायचे, उतरून पुढे चालायचे. एका महिन्यात त्यांना सलग तीन वेळा हेच वाक्य ऐकून परत जावे लागले. तिसऱ्या खेपेला त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "साहेब, ह्यो सर्व्हर हाय तरी कोण? सारखाच कसा पडतोय?"

मला उत्तर देता आले नाही. मी हसून वेळ मारून नेली, पण घरी जाताना प्रश्न डोक्यातून जाईना. इतकी वर्षे ज्याच्या नावावर मी माणसे परत पाठवतो आहे, तो कोण हे मलाच ठाऊक नव्हते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सर्व्हर म्हटले की थंडगार खोलीतील मोठे कपाट आपल्या डोळ्यांसमोर येते. कपाट असते हे खरे, पण मुळात सर्व्हर हा एक प्रोग्रॅम असतो. कोणी हाक मारील म्हणून वाट पाहत बसायचे, हाक आली की काय हवे ते वाचायचे, ते शोधून द्यायचे आणि पुन्हा वाट पाहत बसायचे, एवढेच त्याचे काम. हा प्रोग्रॅम ज्या यंत्रावर चालतो त्या यंत्रालाही आपण सर्व्हर म्हणू लागलो. जुन्या लॅपटॉपवर तो चालवला तर तो लॅपटॉपही सर्व्हरच.

जगातला पहिला वेब सर्व्हर काही फार मोठ्या यंत्रावर नव्हता. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाजवळ सर्न नावाची अणुभौतिकीची संशोधन संस्था आहे. तेथे टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञाने १९८९ साली, निरनिराळ्या संगणकांवर विखुरलेली माहिती एकमेकींशी जोडण्याची योजना मांडली आणि १९९० च्या अखेरीस नेक्स्ट कंपनीच्या टेबलावर मावणाऱ्या एका संगणकावर ती चालू करून दाखवली. त्या संगणकावर लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती : 'हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये.' कारण उघड आहे. कोणी सवयीने बटण दाबले असते तर त्या वेळचे सारे वेब बंद पडले असते! पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोफत खुले केले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या दिवशी त्यावर दर लावला गेला असता, तर माझ्यासारख्याने घरी बसून सर्व्हर करून पाहण्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

बर्नर्स-ली यांनी ठरवलेली बोलण्याची पहिली पद्धत इतकी साधी होती की ती एका ओळीत मावत असे. मागणाऱ्याने 'गेट' हा शब्द आणि पुढे पानाचे नाव लिहायचे. सर्व्हरने ते पान पाठवायचे आणि फोन ठेवून द्यायचा. या पद्धतीला एचटीटीपी म्हणतात. पुढे तिच्यात बरीच भर पडली, १९९६ मध्ये १.० आणि १९९७ मध्ये १.१ असे तिचे रीतसर मसुदे निघाले, पण 'गेट' अजून तेथेच आहे. आज तुम्ही मोबाइलवर कोणतेही पान उघडता तेव्हा पडद्यामागे हीच मागणी जाते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. मी पायथॉन ही भाषा वापरली. ती फुकट मिळते आणि वाचायला सोपी आहे. पायथॉनमध्ये तयार वेब सर्व्हरही मिळतो, एका ओळीच्या आज्ञेने तो चालू होतो. पण तसे केले असते तर आजींच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले नसते. म्हणून ठरवले की अगदी तळाचे साहित्य घ्यायचे. त्या साहित्याचे नाव सॉकेट.

सॉकेट म्हणजे दोन प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलता यावे म्हणून संगणकाने उघडून दिलेली खिडकी. आपल्या काउंटरसारखीच. प्रथम सॉकेट तयार करायचे. मग 'बाइंड' या आज्ञेने त्याला पत्ता आणि खिडकीचा क्रमांक द्यायचा. हा क्रमांक म्हणजे पोर्ट. एका संगणकावर ० ते ६५५३५ इतके पोर्ट असतात. वेबसाठी ८० हा ठरलेला आहे, तर कुलूपबंद वेबसाठी ४४३. युनिक्स पद्धतीच्या संगणकावर १०२४ च्या खालचे क्रमांक साध्या वापरकर्त्याला रूढीने मिळत नाहीत, म्हणून शिकणारे लोक ८०८० घेतात. मीही तोच घेतला. यानंतर 'लिसन', म्हणजे खिडकी उघडली, रांग लावा. नंतर 'अ‍ॅक्सेप्ट', म्हणजे रांगेतला पहिला पुढे घेतला. येथे एक गंमत आहे. 'अ‍ॅक्सेप्ट' केल्यावर आपल्याला एक नवेच सॉकेट मिळते, ते केवळ त्या एका गिऱ्हाइकाशी बोलण्यासाठी. मूळ सॉकेट रांग सांभाळत तसेच राहते. दारावर टोकन देणारा शिपाई वेगळा आणि काम करणारा कारकून वेगळा, तसे हे. मग 'रिसीव्ह' करून मागणी वाचायची, 'सेंड' करून उत्तर द्यायचे, 'क्लोज' करून त्याला निरोप द्यायचा आणि पुन्हा 'अ‍ॅक्सेप्ट'पाशी यायचे. सारा प्रोग्रॅम पंचवीस-तीस ओळींचा झाला.

पहिल्या रात्री मी मागणी नुसती पडद्यावर छापून पाहिली. ब्राउझरमध्ये माझ्याच संगणकाचा पत्ता, म्हणजे १२७.०.०.१ आणि पुढे ८०८० असे टाकले आणि प्रोग्रॅमच्या खिडकीत अक्षरे उमटली. पहिली ओळ 'गेट / एचटीटीपी/१.१'. (संगणकावर हे सारे इंग्रजी अक्षरांत असते, येथे वाचण्यासाठी देवनागरीत दिले आहे.) दुसरी ओळ 'होस्ट', म्हणजे कोणाकडे आलो आहे. ही ओळ १.१ मध्ये सक्तीची आहे, कारण एकाच पत्त्यावर अनेक संकेतस्थळे नांदत असतात. चाळीचा पत्ता एक, पण पाहुणा कोणत्या खोलीत जाणार हे त्याने सांगावे लागते. खाली ब्राउझर स्वतःची ओळख, कोणती भाषा चालेल वगैरे सांगतो. शेवटी एक कोरी ओळ, म्हणजे माझे बोलणे संपले.

थोड्या वेळाने आणखी एक मागणी आली. घरात दुसरे कोणी संगणकावर नव्हते. क्षणभर मला वाटले, माझ्या सर्व्हरवर कोणी बाहेरचा आला की काय! नंतर कळले की ब्राउझर पानासोबत टॅबवर दाखवण्याचे छोटे चित्रही आपणहून मागतो.

मग उत्तर पाठवायचे. उत्तराचा नमुनाही सरकारी पत्रासारखा ठरलेला आहे. पहिली ओळ 'एचटीटीपी/१.१ २०० ओके'. २०० म्हणजे काम झाले. सुप्रसिद्ध ४०४ म्हणजे मागितलेला कागद येथे नाही. त्याखाली मजकूर कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणाऱ्या ओळी, मग एक कोरी ओळ आणि मग मजकूर. मी कोरी ओळ विसरलो. ब्राउझरने माझा सगळा मजकूर पत्राचा मायना समजून बाजूला ठेवला आणि मला पांढरे पान दाखवले. तासभर मी चूक शोधत होतो. ओळ संपवण्याचीही एक रीत आहे : दोन खुणा लागतात, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. ज्यांनी टायपिंगच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांना हे लगेच समजेल. टाइपरायटरचा दांडा ढकलून गाडी डावीकडून पुन्हा सुरू करणे ही एक क्रिया आणि रूळ फिरवून कागद एक ओळ वर घेणे ही दुसरी. टाइपरायटर भंगारात गेले, पण त्यांच्या या दोन हालचाली जगातल्या असंख्य मागण्यांतून रोज धावत आहेत.

यानंतरचा अडथळा मात्र खास आपला, मराठी माणसाचा होता. कौतुकाने मी मजकूर म्हणून 'नमस्कार' हा शब्द पाठवला. पडद्यावर आली डोक्यावर तिरकी मात्रा दिल्यासारखी इंग्रजी 'ए' अक्षरे, आणि प्रत्येकापुढे चलनाची एक चमत्कारिक खूण! संगणकाकडे अक्षरे जात नाहीत, फक्त अंक जातात. त्या अंकांवरून अक्षरे कशी लावायची हे सांगावे लागते. आज सर्वत्र यूटीएफ-८ ही पद्धत चालते. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी ती १९९२ साली बसवली. तिच्यात साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन. मी 'मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे' असे लिहिले नव्हते, म्हणून ब्राउझरने प्रत्येक बाइट सुटे युरोपीय अक्षर मानून वाचला. ती ओळ घातली आणि 'नमस्कार' स्वच्छ उमटला.

तेवढ्यावर मी थांबलो असतो तर बरे झाले असते. पण उत्तरात मजकुराची लांबी कळवावी असे वाचले होते. कार्यालयीन पत्राखाली आपण 'सोबत : ३ कागद' लिहितो, त्याच कारणाने; नाहीतर वाटेत लाइन तुटली तर सगळे पोहोचले की अर्धेच, हे घेणाऱ्याला कळणार कसे? मी प्रोग्रॅमला शब्दाची लांबी विचारली. त्याने ७ सांगितली. न, म, स, पाय मोडण्याची खूण, क, काना आणि र : बरोबर सात. मी सात लिहिले. पडद्यावर आले 'नम' आणि पुढे चौकटीत एक प्रश्नचिन्ह!

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे थांबून हिशेब करा. लांबी अक्षरांत नव्हे, बाइटमध्ये द्यावी लागते. सात खुणा, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे एकवीस. मी सात सांगितल्यामुळे ब्राउझरने सातच बाइट घेतले : तीनचा 'न', तीनचा 'म' आणि 'स'चा पहिला तुकडा. तेवढ्या तुकड्याचे अक्षर होईना म्हणून प्रश्नचिन्ह. इंग्रजी मजकुरावर शिकलेल्या मुलाला ही चूक कदाचित कधीच भेटणार नाही, कारण त्याच्याकडे दोन्ही आकडे सारखेच येतात. आपल्याला ती पहिल्याच दिवशी भेटते, आणि म्हणून ती पहिल्याच दिवशी कळतेही.

आणखी एक खोड अशी की 'रिसीव्ह' केल्यावर सगळी मागणी एकदम मिळेलच असे नाही. नळाला पाणी येते तशी ती येते, कधी धार, कधी थेंब. म्हणून कोरी ओळ दिसेपर्यंत वाचत राहावे लागते. आणि प्रोग्रॅम बंद करून लगेच चालू केला की 'पत्ता आधीच वापरात आहे' अशी तक्रार येते, कारण वाटेत रेंगाळलेले तुकडे नव्या संभाषणात मिसळू नयेत म्हणून लिनक्ससारखी प्रणाली जुने संभाषण साधारण मिनिटभर नोंदीवर ठेवते. त्यावर एका ओळीचा उपाय आहे.

यानंतर मी खऱ्या फायली देणारा सर्व्हर केला. एका फोल्डरमध्ये पाने ठेवली. मागणीत जे नाव येईल ती फाइल उघडून पाठवायची. झकास चालले. माझी पुतणी अभियांत्रिकीच्या पदविकेला आहे, तिला अभिमानाने दाखवले. ती पाच मिनिटे खटपट करीत बसली आणि म्हणाली, "काका, तुमचं कपाट उघडंच आहे." तिच्या पडद्यावर माझ्या गृहकर्जाच्या हप्त्यांचा तक्ता होता! तो त्या फोल्डरमध्ये नव्हता, त्याच्या बाहेर होता.

तिने काय केले होते? पत्त्यात दोन टिंबे आणि तिरपी रेघ लिहिली, की संगणकाच्या भाषेत 'एक फोल्डर वर चढ' असा अर्थ होतो. माझा सर्व्हर इमानदारीने वर चढला आणि तेथला कागद काढून दिला. ब्राउझर अशी टिंबे पाठवण्यापूर्वी स्वतःच गाळून टाकतो, म्हणून मला तपासताना हा दोष दिसला नव्हता. तिने ब्राउझर बाजूला ठेवून टेलनेट या साध्या प्रोग्रॅमने मागणी हाताने टाइप केली होती. मला घाम फुटला. बँकेत आम्ही सही पडताळल्याशिवाय शंभर रुपये देत नाही, आणि येथे मी मागेल त्याला मागेल तो कागद देणारा कारकून बसवला होता.

उपाय असा : आलेल्या नावातील सांकेतिक अक्षरे आधी उलगडायची, मग टिंबांचा हिशेब करून फाइलचा पूर्ण पत्ता काढायचा, आणि तो पत्ता आपल्या फोल्डरच्या आतलाच आहे याची खात्री पटली तरच फाइल उघडायची. नाहीतर ४०३, म्हणजे मनाई. हा क्रम चुकून चालत नाही. आधी तपासले आणि मग उलगडले, तर सांकेतिक रूपात लपलेले टिंब पहाऱ्यातून निसटते. ही माझ्यासारख्या नवशिक्याचीच चूक आहे असे समजू नका. अपाचे हा १९९५ पासून चालत आलेला जगप्रसिद्ध वेब सर्व्हर. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या २.४.४९ या आवृत्तीत नेमका याच जातीचा दोष उघडकीस आला. घाईने काढलेली २.४.५० ही दुरुस्तीही अपुरी ठरली आणि त्याच आठवड्यात २.४.५१ काढावी लागली.

पुतणीने आणखी एक खोडी केली. सर्व्हरशी संबंध जोडला आणि काहीही टाइप न करता चहा प्यायला गेली. माझा सर्व्हर 'बोला, काय हवे' म्हणून तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, आणि बाकीच्यांची रांग खोळंबली. प्रत्येक गिऱ्हाइकाला पाच सेकंदांची मुदत घालून मी तात्पुरती सुटका करून घेतली. मोठे सर्व्हर एकाच वेळी हजारो लोकांना सांभाळतात. इगोर सिसोएव्ह या रशियन अभियंत्याने २००४ साली प्रसिद्ध केलेला एन्जिनएक्स हा सर्व्हर त्यासाठीच नावाजला गेला.

आता पुन्हा आजींचा प्रश्न. 'सर्व्हर डाउन' या दोन शब्दांत किती निरनिराळ्या गोष्टी आपण कोंबतो, हे मला सर्व्हर केल्यानंतर उमगले. यंत्र चालू आहे पण प्रोग्रॅम बंद आहे, म्हणजे खिडकीत कोणी बसलेलेच नाही, तर 'नकार' तत्काळ येतो. रस्ताच तुटला असेल तर नकारही येत नाही, नुसती वाट पाहणे होते आणि मुदत संपते. ५०० चा आकडा आला तर कारकून जागेवर आहे, पण त्याच्या कामात घोटाळा झाला आहे. ५०३ म्हणजे तो आहे, पण या घडीला त्याला झेपत नाही. आणि नावावरून पत्ताच सापडला नाही, तर आपण सर्व्हरच्या दारापर्यंत पोहोचलेलोच नसतो. बँकेची यंत्रणा माझ्या खेळण्यापेक्षा कितीतरी पटींनी गुंतागुंतीची असते हे मान्य. पण पडद्यावरचा संदेश मी आता नीट वाचतो. आमच्या शाखेत बहुतेक वेळा दूरवरचा सर्व्हर धडधाकट असतो, आमची लाइन गेलेली असते. लाइन आमच्या एकट्याचीच गेली असेल तर जवळच्या दुसऱ्या शाखेत पैसे मिळू शकतात. सर्व्हरच बंद असेल तर तेथे जाऊनही उपयोग नाही. आजींच्या दृष्टीने हा फरक एका हेलपाट्याचा आहे.

पुढच्या खेपेला लाइन गेली तेव्हा मी त्यांना सांगितले, "आजी, सर्व्हर उभा हाय. रस्ता बंद हाय आमचा. मोटारस्टँडजवळच्या शाखेत जावा, तिथं मिळतील." त्यांनी पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "मग आधीच्या टायमाला का नाही सांगितलं?"

तो सर्व्हर सध्या संस्थेच्या अभ्यासिकेतील जुन्या संगणकावर बसवला आहे. त्यावर स्पर्धा परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका ठेवल्या आहेत. अभ्यासिकेच्या वाय-फायला मोबाइल जोडून भिंतीवर लिहिलेला पत्ता टाकला की त्या उघडतात. इंटरनेटचा डेटा लागत नाही, कारण हे सारे चार भिंतींच्या आतच घडते. तो बाहेरच्या जगाला मी मुद्दाम उघडलेला नाही. त्यावरचे बोलणे कुलूपबंद नाही, वाटेत कोणीही वाचू शकेल. म्हणून त्यावर कोणाचे नाव, फोन नंबर किंवा पासवर्ड ठेवायचा नाही, असे ठरले आहे. प्रोग्रॅमचा कागद कपाटातील फाइलमध्ये आहे. एका वेळी एकाच विद्यार्थ्याला पान देण्याची त्याची खोड मात्र अजून तशीच आहे. त्यासाठी थ्रेड नावाचा प्रकार वापरावा लागतो. तेवढे काम मी शिल्लक ठेवले आहे. ज्याला करून पाहायचे असेल त्याने रविवारी सकाळी दहानंतर यावे, मी तेथेच असतो.